बाई, एक विचारू? : सहामाहीचे पेपर आणि आईबापांच्या मनातलं

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडल्या, सहामाहीचे पेपर पोरांच्या हातात पडले आणि लगेच आमच्याकडे पत्रं आणि मेसेज सुरू. या महिन्यात जवळजवळ सगळे प्रश्न आठवी ते दहावीच्या पोरांचे आहेत, म्हणजे पोरांनी विचारलेले नाहीत, आईबापांनी विचारलेले. मी सव्वीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंय त्यामुळे तोंड जरा फटकळ आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांनी सांभाळून घ्या.

बाई, माझो झिल नववीक आसा. मी सातवी शिकलेली, माका त्येच्या पुस्तकातला कायएक कळणा नाय. त्याचे बाबा ऑगस्टपासून बोटीवर, घरी येतात ते झोपायलाच. पाचवीपर्यंत मी त्याच्या जवळ बसायचे, पाढे घ्यायचे, शुद्धलेखन बघायचे. आता त्याने वही उघडली की मी उठून चुलीकडे जाते, उगाच माझ्यामुळे काही चुकीचं शिकायला नको. शेजारीण म्हणते क्लास लाव. आमच्यासारख्यांनी काय करायचं?
एक आई, देवगड तालुका

तुम्ही उठून चुलीकडे जाता ते वाक्य मी दोनतीनदा वाचलं. तुम्ही काळजीनेच उठता हो, पण त्या पोराला काय दिसतं ते बघा, त्याला दिसतं की मी पुस्तक उघडलं की आई निघून जाते. चौदा वर्षाचं पोरगं त्यातून काय अर्थ काढेल ते तोच जाणे, पण "आपल्यामुळे मी चुकीचं शिकेन अशी आईला भीती वाटते" असा अर्थ तर नक्की काढणार नाही.

आता जरा पुस्तकातलं सांगते, कंटाळू नका. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात हूवर-डेम्प्सी आणि सँडलर म्हणून दोघे अभ्यासक होते, त्यांनी १९९५ आणि १९९७ मध्ये एक साधा प्रश्न मांडला की काही आईबाप पोराच्या शिक्षणात लक्ष घालतात आणि काही घालत नाहीत, असं का. आपण पटकन म्हणतो वेळ नाही, पैसा नाही, शिक्षण नाही. ते खरंच आहे, पण त्यांनी त्याच्याही आधी मनातल्या गोष्टी ठेवल्या. एक म्हणजे हे माझं काम आहे असं आईबापाला वाटतं का, की शाळेचं काम आहे म्हणून ते हात झटकतात. दुसरं, मी काही केलं तर पोराला त्याचा उपयोग होईल असं वाटतं का. आणि तिसरं, शाळा किंवा पोरगं आपल्याला बोलावतं का. तुमच्या बाबतीत पहिलं शंभर टक्के आहे, नाहीतर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. अडलंय ते दुसऱ्यावर. पाचवीपर्यंत तुम्हाला वाटत होतं मला जमतं, आता वाटतं मला जमत नाही. पोरगं तेच, घर तेच, फक्त तुमचा स्वतःवरचा भरवसा गेला आणि तुम्ही उठलात.

आणि गंमत काय माहितीय, जे जमत नाही म्हणून तुम्ही उठलात ते या वयात फारसं लागतच नाही. २००९ मध्ये हिल आणि टायसन यांनी साधारण या वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून बघितले, की आईबाप जे जे करतात त्यातलं काय मुलांच्या अभ्यासाशी चांगलं जुळतं. तर गृहपाठ घेणं, शेजारी बसून सोडवून देणं हे उलट्या बाजूला निघालं, जिथे ती मदत जास्त तिथे मार्क जरा कमीच. आता त्याचं एक कारण असंही असेल की पोरगं आधीच मागे पडलेलं असतं म्हणूनच आईबाप मदतीला बसतात, तेव्हा लगेच सगळ्यांनी गृहपाठाकडे पाठ फिरवू नका. पण सगळ्यात चांगलं जुळलं ते काय, तर शिकण्याबद्दल बोलणं. हे कशाला शिकतोस, पुढे काय करायचं मनात आहे, मला तुझ्याकडून काय वाटतं, अभ्यास कसा करतोस. याला सातवी पुरते, खरं तर न शिकलेली आजी पण पुरते.

तर उद्यापासून उठू नका. तिथेच बसा, कोळंबी सोला, लसूण सोला, काय हवं ते करा. आणि मास्तरीण होऊ नका, विद्यार्थिनी व्हा. "काय शिकवलं रे आज, मला समजव" म्हणा. त्याने समजवलं आणि तुम्हाला नाही कळलं तर सरळ सांगा नाही कळलं, परत सांग. जिथे त्यालाच नीट येत नसेल तिथे तो आपोआप अडखळेल आणि त्याचं त्यालाच कळेल, तुम्हाला बरोबर-चूक तपासायची गरजच नाही. मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना फळ्याकडे बोलवायचे ते याचसाठी, दुसऱ्याला सांगताना जे अडतं तेच आलेलं नसतं.

बाबा घरी असतील त्या दिवशी जेवताना डिझेलचा विषय काढा, किती लिटर जळलं, मासळी लिलावात काय भावाने गेली, खलाशांचा वाटा जाऊन हातात काय राहिलं. पोराला मांडू द्या. आणि त्याला समुद्राची ओढ असेल तर तेही नाक न मुरडता ऐका, रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, तिथे पदवी मिळते, पण त्याला बारावी सायन्स लागतं. हे त्याला नववीत कळलं तर जीवशास्त्राचं पुस्तक जरा वेगळं दिसेल त्याला.

क्लासचं म्हणाल तर आधी पोराला विचारा की नक्की कुठे अडतंय, मग वर्गशिक्षकांना विचारा, मग क्लास. शेजारणीला सगळ्यात शेवटी.

मी इंजिनिअर आहे, मुलगी दहावीत. रोज संध्याकाळी ७ ते ९ मी स्वतः तिचं गणित घेतो, क्लासला पैसे घालवत नाही. पण रोज रडारड होते. वर्गसमीकरणं मी एका मिनिटात सूत्राने सोडवून दाखवतो, ही म्हणते बाईंनी अवयव पाडून करायला सांगितलंय. सहामाहीत मार्क उलट कमी आले. आता तर तिने दार लावून अभ्यास करायला सुरुवात केली आहे. एवढं करून हे फळ?
एक बाबा, चिपळूण

वरचं उत्तर वाचलंत ना? मग अर्धं काम झालं.

तुमची समजूत अशी दिसते की मला येतं म्हणजे मी तिला देऊ शकतो आणि जितका वेळ देईन तितकं ते वाढेल. हे आंब्याच्या कलमाला खत घालण्यासारखं नाहीये. आणि कलमाला पण जास्त खत झालं की पालवीच फुटते, मोहोर येत नाही, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा.

माझीच गोष्ट सांगते. अख्ख्या गावाच्या पोरांना गणित शिकवलं आणि घरी येऊन स्वतःच्या मुलाला पण घ्यायला बसले, तो नववीत असताना. तीन महिन्यांत त्याने मला प्रश्न विचारणंच बंद केलं. मला वाटलं वा, आता याला सगळं यायला लागलं. नंतर कळलं की मित्राच्या घरी जाऊन विचारायचा, कारण मला विचारलं की एका प्रश्नाला पाऊण तास आणि वर "एवढं येत नाही? बाईचा मुलगा ना तू?" हे मोफत. तेव्हा दार लावून बसणं काय असतं ते मला माहीत आहे.

तिने दार लावलंय म्हणजे ती स्वतःचा अभ्यास स्वतःच्या हातात घ्यायला बघतेय, पंधराव्या वर्षी तेच व्हायला पाहिजे. रोजचे दोन तास बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस, तोही ती बोलावेल तेव्हाच आणि तिच्या प्रश्नापुरतं. आणि अवयव पाडायचं म्हटलं तर अवयवच पाडा हो, सूत्र कुठे पळून जातंय. पुस्तकात दोन्ही रीती आहेत, प्रश्नात रीत सांगितली असेल तर त्याच रीतीने सोडवावं लागतं.

बाई, मुलगी नववीत, मुलगा सातवीत. मुलीला सहामाहीत गणितात खूपच कमी मार्क. आमच्या घराण्यात गणित कोणालाच नाही, तिची आई पण दोनदा राहिली होती. म्हणून ठरवलंय दहावी कशीतरी काढू दे मग आर्ट्स. मुलाला पण कमीच पडलेत पण त्याचं डोकं आहे, फक्त आळशी आहे, त्याला आठवीपासून कोल्हापूरला ठेवायचा विचार आहे. पोरगी बाकी गुणी आहे, घरचं सगळं बघते, सीझनला वाशीवरून पट्ट्या येतात त्यांचा हिशोब पण दोन वर्षं तीच ठेवते. मुलीच्या बाबतीत माझं काही चुकतंय का?
एक बागायतदार, राजापूर तालुका

तुमचं पत्र परत काढा आणि पट्टीवालं वाक्य मोठ्याने वाचा.

ज्या वाचकांना पट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपण आंब्याच्या पेट्या वाशी मार्केटला पाठवल्या की दलालाकडून जो हिशोबाचा कागद येतो तो पट्टी. किती पेट्या, कुठल्या पेटीत किती डझन, कुठल्या मालाला काय भाव, त्यातून गाडीभाडं वजा, हमाली वजा, असली तर उचल वजा, आणि खाली हातात काय. मोठमोठी माणसं ती पट्टी घडी करून खिशात टाकतात आणि दलाल सांगेल ते खरं मानतात. ती तुमची नववीतली चेडू दोन वर्षं तपासतेय, आणि तुम्ही मला लिहिताय की तिला गणित नाही!

दोन पोरं, दोघांना मार्क कमी. मुलाचे कमी पडले तर आळस, मुलीचे कमी पडले तर डोकंच नाही. आळस घालवता येतो ना, म्हणून त्याच्यावर पैसे घालायचे, आणि डोकं काय आणून बसवता येत नाही म्हणून तिच्यावर कशाला घालायचे, असा तुमचा हिशोब झाला, तुम्ही तो मांडला नसेल पण झाला. हे तुमच्या एकट्याचं नाही म्हणा. जॅकलिन एक्लस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की मुलांना आपण गणितात कसे आहोत असं जे वाटतं ते त्यांच्या आधीच्या मार्कांपेक्षा आईबापांना काय वाटतं त्याच्याशी जास्त जुळतं. आणि मुलगा-मुलगी गणितात सारखेच असले तरी मुलीच्या बाबतीत आईबाप म्हणतात तिला फार मेहनत करावी लागते. म्हणजे पेपर तपासायच्या आधीच घरात निकाल लागलेला असतो आणि तो पोरीला पाठ असतो. तुमच्या ओटीवर "आमच्या घराण्यात गणित नाही" हे वाक्य कितीदा बोललं गेलंय ते आठवा, पाहुण्यांसमोर, तिच्यासमोर, हसत हसत. तिची आई दोनदा राहिली हे पण हसूनच सांगता ना?

जरा विषयांतर करते. आपल्याकडे आणखी एक समजूत आहे, कोकण बोर्ड आहे, पोरगं पास होणारच. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं हे विभागीय मंडळ निकालात वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतं, २०२५ ला दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि आपला ९८.८२. अभिमान मलाही आहे. पण पास व्हायला ३५ लागतात आणि त्यात २० मार्कांचं अंतर्गत मूल्यमापन शाळेच्या हातात. तेव्हा "कशीतरी काढू दे" म्हणाल तर ती काढेलच, कशीतरीच काढेल. त्या ९८.८२ मधल्या किती जणांना घरात कोणी विचारलं असेल की बाई तुला काय आवडतं?

आता करायचं काय. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात वास्तव संख्या आहेत, बहुपदी आहेत, गुणोत्तर व प्रमाण आहे, अर्थनियोजन आहे. तिचा पेपर समोर घ्या, मार्क बघू नका, कुठल्या धड्यात गेले ते बघा. मी पैज लावते की गुणोत्तरात आणि अर्थनियोजनात तिचं काही अडत नसणार, पट्टी वाचणारी मुलगी ती. गेले असतील तर बहुपदीत नाहीतर भूमितीच्या सिद्धतांमध्ये, आणि ते एका हुशार ताईने दोन महिन्यात भरून काढता येतं. घराण्याचा काय संबंध आला त्यात?

आर्ट्सला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, मी आर्ट्सला कमी समजत नाही, पण तिने स्वतः निवडून जावं. आणि या सीझनला पहिली पट्टी आली की पाहुण्यांसमोरच सांगा, आमचा हिशोब ही बघते. मुलाचं कोल्हापूर, त्याचं पुढच्या वेळी बोलू, सातवीतलं पोरगं घराबाहेर ठेवायच्या आधी त्याला विचारलंय का एवढंच कळवा.

मी मुंबईला, बायको-मुलगा गावाला. रोज रात्री फोन करतो, अभ्यास केलास का विचारतो, हो म्हणतो आणि फोन आईकडे देतो. गणपती आणि शिमग्यालाच भेट होते. लांबून काय लक्ष ठेवणार?
एक चाकरमानी, मूळ गाव गुहागर तालुका

अभ्यास केलास का, याला "हो" सोडून दुसरं उत्तर तुम्ही तरी दिलं असतंत का? तुमच्या कंपनीत आज काय झालं ते आधी त्याला सांगा. साहेब कशावरून ओरडला, तुम्हाला काय येत नव्हतं, कोणाला विचारलंत, लोकलमध्ये काय झालं. तुम्ही पंधरा दिवस सांगा, तो सोळाव्या दिवशी सांगेल. आणि शिमग्याच्या सुमाराला बहुतेक परीक्षा असतेच, पालखी घरी येईल तेव्हा पाहुण्यांसमोर त्याच्या मार्कांची चौकशी करू नका एवढं माझं ऐका.

नातू आठवीत. चाचणीत नापास झाला आणि पेपर गादीखाली लपवला. मी रोज त्याला सांगतो, आपल्या मुरुडचे कर्वे परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला चालत गेले, तुला एस.टी. आहे, वीज आहे, मोबाईल आहे तरी तू नापास. त्याच्यावर काही परिणाम होत नाही. पूर्वीची जिद्द राहिली नाही का?
एक आजोबा, दापोली तालुका

आजोबा, नमस्कार. गोष्ट चांगली आहे पण तुम्ही ती अर्धीच सांगता. धोंडो केशव कर्वे मुरुडहून साताऱ्याला चालत गेले ते बरोबर, पण तिथे पोचल्यावर काय झालं? हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही, परत पाठवलं. तेवढे पाय तुडवून गेले आणि पेपर न देता तसेच मागे आले! पुढे कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली. मग १९१६ ला महिला विद्यापीठ, १९५८ ला भारतरत्न वगैरे. नातवाला आज चालण्याची गोष्ट नकोय, चालायचं काय ते तो चाललाच असेल थोडंफार. त्याला परत येण्याची गोष्ट हवीय.

पेपर गादीखाली का गेला ते पण बघू. स्टॅनफर्डच्या कायला हायमोवित्झ आणि कॅरोल ड्वेक यांचा २०१६ चा अभ्यास आहे. त्यातली मुलं जरा लहान होती, चौथी-पाचवीची, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे. बुद्धी वाढते की जन्मजात असते याबद्दल आईबापांच्या मनात काय आहे ते मुलांना फारसं कळत नव्हतं. पण नापास होणं वाईट की त्यातून शिकता येतं, याबद्दल आईबापांना काय वाटतं ते मुलांना बरोबर कळायचं. कारण ते वागण्यात दिसतं ना, कमी मार्क दिसले की चेहरा पडतो, आवाज चढतो, नाहीतर "असू दे रे, सगळ्यांनाच कुठे जमतं" म्हणून कीव येते, कीव पण त्यातलीच. ज्या घरात अपयश म्हणजे संकट, तिथली मुलं बुद्धी वाढत नाही असंच धरून चालतात.

म्हणून तो पेपर गादीखालून बाहेर काढायचा असेल तर तुमचा एखादा जुना पेपर आधी काढा. तुम्ही कधी राहिला होतात? कोणत्या विषयात? घरी काय मार खाल्लात? नातवाला हे माहीत नसणार, आजोबा नापास झालेले कोणाच्याच घरात नसतात.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. पालकसभेला ४० पैकी ६ पालक येतात, त्यातही ५ आया. बाकीच्यांना मुलांची काही पडलेलीच नाही. अशा पालकांना कसं जागं करायचं?
एक शिक्षक, वेंगुर्ला तालुका

सर, पडलेली नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? वरची पाच पत्रं पाठवू का?

सभा कधी ठेवता ते लिहिलं नाहीत पण मी सांगते, मंगळवार किंवा गुरुवार, दुपारी दोन. त्या वेळी कोण काजूच्या फॅक्टरीत, कोण बागेत फवारणीला, कोण बंदरावर. मग "न आलेले" म्हणजे "पर्वा नसलेले" असं तुमच्या डोक्यात बसलं, आणि त्यांच्या डोक्यात काय बसलंय माहितीय का, शाळेतून फोन आला म्हणजे पोराने काहीतरी केलं. चांगलं झालं म्हणून तुम्ही शेवटचा फोन कधी केला होतात? मी सव्वीस वर्षांत किती केले ते मला बोटांवर मोजता येतील, तेव्हा हे मी स्वतःलाही विचारतेय.

आणि सभेत काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. मुख्याध्यापकांचं भाषण, मग फी, मग गणवेश, मग चहा. ज्या आईला वाटतं मला काही कळत नाही ती तिथे मागे खुर्चीवर पदर सावरत दोन तास बसते आणि तेच घट्ट करून घरी जाते. शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं आहे, पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. कागदावर त्या असतातही, सहीपुरत्या. नववी-दहावीला तर तो कायदाच लागू नाही.

एक सभा वाडीत घेऊन बघा, देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी साडेसातला, फक्त त्या वाडीतल्या पोरांच्या घरच्यांसाठी. भाषण नको. प्रत्येक पोराबद्दल एक गोष्ट सांगायची जी त्याच्या घरच्यांना माहीत नाही, आणि ती चांगली असली पाहिजे. मग घरच्यांना विचारायचं की याच्याबद्दल आम्हाला माहीत नाही असं काय आहे. एखादा बाप सांगेल पोरगं इंजिन खोलून परत बसवतं, एखादी आई सांगेल पट्टी तीच वाचते. लिहून घ्या. बायकांना पुढे बसवा, आणि किती जण आले ते मला जानेवारीच्या अंकासाठी कळवा, सहाच आले तरी कळवा.